इंजिन गार होईपर्यंत

बिट्टी जुन्या गाड्या तपासून द्यायची. गाडी घेणाऱ्याने तिला बोलवायचं, तिने विकणाऱ्याच्या दारात जाऊन गाडीच्या पोटात शिरायचं आणि बाहेर येऊन खरं काय ते लिहून द्यायचं, असा तिचा धंदा. एकवीस वर्षांत तिने इतक्या गाड्यांच्या नाड्या पाहिल्या होत्या, की विकणारा 'एकदम लोणी आहे बघा' म्हणाला की ती आधी त्याच्या चपलांकडे बघायची. एकाच बाजूने चप्पल झिजवणारा माणूस क्लचही तसाच झिजवतो, असा तिचा अनुभव होता.

बिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलेलं ते नाव, आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी, पावणेसहा फूट उंचीच्या बाईला ते मुळीच शोभत नव्हतं. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणत. बिट्टी म्हणणारी माणसं दोनच उरली होती : तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि ताईचा नवरा, म्हणजे भावोजी. त्या आठवड्यात दोघांचेही फोन आले. वेगवेगळे, आणि एकमेकांना चोरून.

भावोजींचं चष्म्यांचं दुकान होतं. 'आता बरं दिसतंय की मघाशी?' हे विचारण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. माणूस इतका सावध, की दुधाची पिशवी घेतानाही मागच्या रांगेत हात घालून तारीख वाचून घ्यायचे. अशा माणसाला चौपन्नाव्या वर्षी एका गाडीने वेड लावलं. गाडी तरी कसली? दोन दारांची, टर्बो इंजिनाची, पाच सेकंदांत शंभराच्या वेगाला पोचणारी आणि अकरा वर्षं जुनी. रंग गडद निळा. भावोजी दुकानात बसल्या बसल्या फोनवर तिचे फोटो बोटांनी मोठे करून बघत, आणि समोरचं गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं दुसऱ्यांदा वाचून दाखवत बसे.

ताई परीक्षा विभागात मोठी अधिकारी होती. तिने निकाल देऊन टाकला होता. "जुनी आणि वर पळणारी? म्हणजे हत्ती पोसा आणि तो आजारी पण! बिट्टीने पास केली तर घ्या. नाहीतर विषय संपला."

म्हणून भावोजींनी बिट्टीला फोन केला. "बिट्टी, मी नुसते फोटो पाहिलेत गं. पण तू आपली जरा मायेने बघ."

आणि तासाभराने ताईने केला. "बिट्टे, गाडी सोन्याची असली तरी नापास कर. तुझी फी मी देते."

बिट्टीने दोघांनाही एकच उत्तर दिलं, "जे असेल ते लिहीन." दोघांनाही ते आपल्याच बाजूचं वाटलं.

तपासणी रविवारी सकाळी दहाला ठरली होती. बिट्टी कुठेही ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचायची. विकणाऱ्याला बेसावध गाठायची तिची जुनी रीत. भावोजी तिच्या व्हॅनमध्ये शेजारी बसले होते, पण आज त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. वाटेत त्यांना वर्तमानपत्र घ्यायचं होतं. मग टायरात हवा कमी वाटली. मग अचानक तहान लागली.

"भावोजी, तुमच्या पायाशीच पाण्याची बाटली आहे," बिट्टी म्हणाली आणि तिने व्हॅन हाकली.

गाडी विकणारा भूगोलाचा मास्तर होता. किडकिडीत, केस विस्कटलेले, शर्टाच्या खांद्यावर बाळाच्या दुधाचा वाळलेला डाग. चार महिन्यांपूर्वी त्याला जुळं झालं होतं. त्याने फाटकातच सगळं सांगून टाकलं. "दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर बाळ ठेवायचं म्हणजे आधी आपण घडी होऊन आत शिरायचं. एक ठेवलं की बाहेर या, दुसरं घेऊन पुन्हा घडी व्हा. गेल्या महिन्यात माझ्या कमरेत उसण भरली. मी आतच अडकलो. शेजाऱ्यांनी ओढून काढलं."

चपला दोन्ही बाजूंनी सारख्या झिजलेल्या होत्या. बिट्टीला मास्तर पसंत पडला.

गाडी घराच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली उभी होती. भावोजी तिच्यापुढे जाऊन असे उभे राहिले, जसा एखादा माणूस लग्नात जुन्या ओळखीच्या बाईला बघून मुद्दाम अनोळखी चेहरा करतो. बिट्टीने बॉनेटवर तळवा ठेवला आणि चटकन उचलला.

"तापलंय."

मास्तरने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी छपराकडे पाहिलं.

"सकाळी कुठे गेला होतात का?" बिट्टीने विचारलं.

"हो... म्हणजे, दूध आणायला."

"दूध कुठे मिळतं?"

"कोपऱ्यावर."

"कोपरा किती लांब?"

मास्तर भूगोलाचा होता; अंतराच्या बाबतीत त्याच्याने खोटं बोलवेना. "ऐंशी पावलं," तो पडल्या आवाजात म्हणाला.

बिट्टीने पिशवीतून स्कॅनर काढला, त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडली आणि पडद्यावर आकडा पाहिला. इंजिनातल्या पाण्याचं तापमान अठ्ठ्याऐंशी. "ऐंशी पावलांत एवढा ताप?" ती म्हणाली. "काही हरकत नाही. माणूस झोपेतून उठताना जसं खरं बोलतो, तशी गाडी गार असताना खरं बोलते. मला हिचा पहिला आवाज ऐकायचाय. आकडा पस्तीसच्या खाली येईपर्यंत कुणी हिला सुरू करायचं नाही."

"किती वेळ लागेल?" भावोजींनी विचारलं.

"चार-पाच तास."

"मास्तरांना कामं असतील गं!"

"मला काही काम नाही," मास्तर घाईघाईने म्हणाला आणि मग आपण असं का म्हणालो म्हणून कपाळावर हात मारून घेतला.

बिट्टीने बॉनेट उघडं ठेवलं, किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि उरलेल्या तपासणीला लागली. गाडीखाली चटई टाकून शिरली. ब्रेक पाहिले, टायरांवरची नक्षी पाहिली, तेलाचं झाकण काढून आत बोट फिरवलं. सगळं ठीक होतं. नुसतं ठीक नव्हे, बऱ्याच नव्या गाड्यांपेक्षा बरं होतं. मास्तरने पावत्यांची फाइल आणून दिली. तारखेवार लावलेली, वर अनुक्रमणिका, आणि ज्या वर्षी काहीच दुरुस्ती निघाली नाही त्या वर्षाचंही कोरं पान लावलेलं. बिट्टी ते कोरं पान बघत राहिली. इतका नेटका माणूस गाडी तापवून का दाखवेल?

साडेदहाला आकडा पंच्याहत्तर होता. मास्तरच्या आत्याने सगळ्यांना घरात बोलावलं.

आत्या महिन्याभरासाठी बाळांना बघायला आली होती. मास्तरीणबाई जुळ्यांना घेऊन डॉक्टरांकडे तपासणीला गेली होती, त्यामुळे आत्याला बोलायला माणूस नव्हतं, आणि आज देवाने एकदम दोन धाडले होते. बैठकीच्या खोलीत दोरीवर मुठीएवढे कपडे वाळत होते. टेबलावर पृथ्वीचा गोल होता आणि त्याच्या उत्तर ध्रुवावर कुणीतरी दुधाच्या बाटलीचं बूच ठेवलं होतं. बिट्टी नकाशाखालच्या खुर्चीत बसली. भावोजी बसले, उठले, पुन्हा बसले. मास्तर दारातच उभा राहिला, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"अहो बसा की," आत्या म्हणाली. "गाडी गार होतेय, तुम्ही का तापताय?"

बिट्टी दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन आकडा बघून येई आणि दवाखान्यातल्या नर्ससारखं सांगे, "एकसष्ट." मग "चौपन्न." प्रत्येक आकड्यासरशी भावोजी रुमाल काढून चष्मा पुसत. एवढा वेळ पुसून पुसून चष्म्याचा नंबर उतरेल की काय, असं बिट्टीला वाटायला लागलं.

बाराच्या सुमारास भावोजींचा फोन वाजल्यासारखा झाला. म्हणजे वाजला नाही, पण ते "हॅलो, हॅलो" करत बाहेर गेले. आत्या बिट्टीला बाळाच्या पोटात गॅस झाला की कसं उपडं धरायचं ते उशीवर दाखवत होती. ती उशी पाठीवर थोपटत असतानाच बाहेरून आवाज आला. घुर्रर्र.

बिट्टी तीन ढांगांत छपराखाली पोचली. गाडी सुरू होती. आत, चालकाच्या जागेवर, भावोजी होते. त्यांनी डोकं इतकं खाली घेतलं होतं की काचेतून नुसतं टक्कल दिसत होतं.

"भावोजी."

टक्कल वर आलं. "सीट जमते का बघत होतो. चुकून लागली."

"किल्ली माझ्या खिशात आहे."

"दारामागच्या खिळ्यावर दुसरी होती. तीही चुकूनच हाताला लागली."

"या गाडीला ब्रेक दाबून धरावा लागतो आणि मग बटण दाबावं लागतं. दोन्ही चुकून?"

"माझा पाय लांब आहे," भावोजी म्हणाले.

बिट्टीने आत हात घालून गाडी बंद केली. दुसरी किल्लीही खिशात टाकली. स्कॅनरवरचा आकडा पुन्हा सत्तरीकडे चढला होता. "आता पहिल्यापासून," ती म्हणाली. भावोजींचा चेहरा बघून तिला हसू यायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. गाडी तापलेली असण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो. घेणारा कशाला तापवेल? आणि मास्तर प्रत्येक प्रश्नाला भावोजींच्या तोंडाकडे का बघतो?

उत्तर आत्याने चहाच्या ट्रेमधून आणलं.

तिने बिट्टीपुढे कप ठेवला, साखरेचं भांडं सरकवलं आणि दुसरा कप भावोजींना देत म्हणाली, "तुमचा बिनसाखरेचा. लक्षात आहे बरं का! मागच्या शनिवारी घालून ठेवली होती, तर तसाच ठेवलात. आणि माझ्या चष्म्याची दांडी तुम्ही सरळ करून दिलीत ना, तेव्हापासून कान दुखायचा थांबला बघा."

मास्तरने डोळे मिटले. भावोजींनी इतका गरम चहा एका दमात प्याला, की बिट्टीलाच घशात चटका बसल्यासारखं झालं.

नुसते फोटो पाहिलेत, काय? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. बिट्टीला सगळं लख्ख कळलं. तिने साखर ढवळली. पायावर पाय टाकला. एकवीस वर्षं ती यंत्रांच्या संगतीत होती, आणि यंत्रांची खोडी काढता येत नाही. ही संधी सोडली तर पुन्हा मिळायची नाही.

"आत्या," ती निवांत आवाजात म्हणाली, "तुम्हाला सांगते, गाडी तापवून दाखवणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात हलकट प्रकार. घेणाऱ्याच्या गळ्याला सुरी."

"अगं बाई!" आत्या म्हणाली.

"मागे एकाने अशीच तापवून विकली. घेणारा आठव्या दिवशी घाटात अडकला. इंजिनाचे तुकडे. आता तो मनुष्य बसने जातो, आणि बस दिसली की रडतो."

"जाऊ दे ना बिट्टी," भावोजी पुटपुटले.

"कसं जाऊ दे? मी अशा विकणाऱ्यांची यादीच ठेवते. नाव, पत्ता, कामाचं ठिकाण. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवते. गिऱ्हाइकांत चार शाळांचे मुख्याध्यापकही आहेत." अशी कसली यादी तिने आयुष्यात ठेवली नव्हती. तिने खिशातून वही काढली, पेन झटकलं आणि मास्तरकडे वळली. "तर मास्तर, तुमच्या शाळेचं पूर्ण नाव सांगता?"

मास्तर आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी त्याला डोळ्यांनी अळीमिळी गुपचिळी अशी खूण केली. तिथेच मास्तरचा बांध फुटला.

"बाई, मी शिक्षक आहे!" तो ओरडला. "मी यांना सगळं खरं सांगितलं होतं! शनिवारी! गार गाडी सुरू करून दाखवली, आवाज ऐकवला! कागदावर लिहूनही दिलं! हेच म्हणाले, 'मास्तर, माझी मेव्हणी गाड्या तपासते, तिच्या कानावर हा आवाज पडला तर माझी बायको मला गाडी घेऊ द्यायची नाही. तेवढी तासभर आधी तापवून ठेवा.' मी आठवडाभर झोपलो नाही. म्हणजे जुळ्यांमुळे तसाही झोपत नाही, पण या वेळी जास्त झोपलो नाही!"

"कागद कुठे आहे?" बिट्टीने विचारलं.

मास्तरने बोट दाखवलं. भावोजींच्या शर्टाच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे, घडी घातलेला कागद होता. बिट्टीने हात पुढे केला. भावोजींनी तो मुकाट्याने काढून दिला.

वळणदार अक्षरात वर शीर्षक होतं : 'गाडीतील दोष'. खाली पाच मुद्दे. पहिल्याखाली लाल शाईने दोन रेघा : 'गार असताना सुरू केल्यास तीन सेकंद खडखड आवाज. टायमिंग चेन किंवा टेन्शनर असावा. तज्ज्ञास दाखवावे.' पाचवा मुद्दा होता, 'डावीकडील काच पावसाळ्यात रुसते.'

"इतकं प्रामाणिक कागदपत्र मी आजवर पाहिलं नाही," बिट्टी म्हणाली. आत्याने मास्तरच्या पाठीवर हात फिरवला. थेट उशीला थोपटत होती तसा.

बिट्टीने भावोजींना छपराखाली नेलं. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"लोक विकणाऱ्याकडून फसतात," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःच स्वतःला फसवायला माणूस नेमलात. वर तोही कसा, तर ज्याला खोटं बोलता येत नाही असा."

"तोच तर घोळ झाला," भावोजी म्हणाले. मग त्यांनी दारावरची धूळ रुमालाने पुसली. "बिट्टी, तीस वर्षं मी लोकांना बरं कसं दिसेल ते बघतोय. माझ्या स्वतःच्या आवडीचं मी काय घेतलंय, सांग. घर तुझ्या ताईच्या पसंतीचं. दुकान वडिलांच्या पसंतीचं. ही गाडी मी दुकानातून घरी जाताना पाहिली. नुसती सिग्नलला उभी होती गं. खडखड असो, तडतड असो, चूक करायची तर ती निदान मला आवडलेली असू दे."

"चेन एक दिवस सुटली असती तर इंजिनाचा चेंदामेंदा झाला असता."

"हे त्या कागदात नव्हतं."

"'तज्ज्ञास दाखवावे' असं होतं."

"तुला दाखवतोयच ना?" भावोजी म्हणाले, आणि बिट्टीला शेवटी हसू आलंच.

पावणेपाचला आकडा चौतीस झाला. सगळे छपराखाली जमले. मास्तरीणबाईही एव्हाना परत आली होती, आणि दोन्ही कडेवर दोन बाळं घेऊन काहीच न विचारता उभी होती. बिट्टीने किल्ली मास्तरला दिली, इंजिनाजवळ कान नेला आणि त्याला खूण केली.

डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज झाला. एक, दोन, तीन. मग एकदम थांबला, आणि इंजिन मांजरासारखं घुरघुरायला लागलं. दोन्ही बाळं टक लावून बघत होती.

"टेन्शनर," बिट्टी म्हणाली. "चेनला ताणून धरतो तो भाग. गाडी बराच वेळ उभी राहिली की त्यातलं तेल उतरतं, आणि हा झिजून ढिला झालाय. चेन अजून धड वाटते, पण एकदा उघडलंच की दोन्ही बदलून टाकायचे. बाकी गाडीला तोड नाही."

"टेन्शनर ढिला झाला आणि टेन्शन मला आलं," मास्तर म्हणाला. "तीन महिने रोज सकाळी तो आवाज ऐकतोय. मलाच कुणीतरी झापल्यासारखं वाटतं."

संध्याकाळी बिट्टी अहवाल घेऊन ताईच्या घरी गेली. फी ताईने दिली होती, तेव्हा अहवाल ताईच्या हातात. ताईने जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि निकाल वाचायच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. भावोजी समोर बसले होते, हाताची घडी घालून, पाय खुर्चीखाली ओढून.

टायर, ब्रेक, गिअर, पास. पास. पास. ताईचा आवाज पडत चालला. मग चेनचा परिच्छेद आला आणि तो पुन्हा चढला. मग पुढचा परिच्छेद आला, आणि ती थांबली.

"'खरेदीदाराने गाडी आधी पाहूनही पाहिली नसल्याचे सांगितले. विकणाऱ्यास इंजिन तापवून ठेवण्याची गळ घातली. तपासणी चालू असताना गाडीत लपून इंजिन पुन्हा तापवले.'" ताईने कागदावरून डोळे वर केले. "लपून?"

"सीट बघत होतो," भावोजी क्षीण आवाजात म्हणाले.

"चौपन्न वर्षांचा घोडा झालात! दुकानात लोक तुमच्या भरवशावर आपले डोळे तपासून घेतात, आणि तुम्ही..." ताईला तोंडी उत्तरपत्रिका मिळाली होती, ती दहा मिनिटं तपासत होती. भावोजी एकेक मुद्दा मान खाली घालून घेत होते. बिट्टी काकडीच्या चकत्या खात शांत बसली होती.

"पुढे आहे अजून," ती म्हणाली.

ताईने कागद उचलला. "'अंतिम मत. गाडी : चेन व टेन्शनर बदलल्यावर घेण्यासारखी. विकणारा : विश्वासू. घेणारा : भरवसा ठेवू नये.' बघा, तज्ज्ञांचं मत आहे! 'तपासणी करायला सांगणारी...'" आणि तिने कागदाची घडी घातली.

"पुढचं वाच की," भावोजी म्हणाले.

"काही नाही. सही आहे."

"एवढी लांब सही?" भावोजींनी चष्मा नाकावर बसवला आणि कागद ओढून घेतला. "'तपासणी करायला सांगणारी : हिच्यावरही ठेवू नये. गाडी सोन्याची असली तरी नापास करण्याची सूचना आगाऊ फीसह मिळाली होती.'"

भावोजींची घडी सुटली. पाय खुर्चीखालून बाहेर आले. पाठ ताठ झाली. चौपन्न वर्षांचा घोडा एका क्षणात न्यायाधीश झाला.

"आगाऊ फीसह!" ते म्हणाले. "आणि म्हणे परीक्षा विभाग! पेपर तपासायच्या आधीच निकाल?"

"तुमच्या काळजीपोटी सांगितलं होतं!"

"मीसुद्धा तुझ्या काळजीपोटीच गाडी तापवली. आवाज ऐकून तुला त्रास झाला असता."

मग जे भांडण झालं त्यात गाडी मागे पडली आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भावोजींनी परस्पर विकून टाकलेला एक सोफा पुढे आला. बिट्टीने काकडी संपवली, ताट धुतलं आणि ती निघाली. जिन्यात पोचली तेव्हा वरून हसण्याचा आवाज येत होता. आधी एकाचा, मग दोघांचा.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज करारी होता. मास्तरांनी चेन आणि टेन्शनर बदलून द्यायचे, भावोजींनी किमतीत घासाघीस करायची नाही आणि काम बिट्टीच्या डोळ्यांदेखत व्हायचं, असं तिने ठरवलं होतं. "आणि मी त्या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली. "तेवढं माझं राहू दे." काम झालं. बाराव्या दिवशी निळी गाडी भावोजींच्या दारात आली. मास्तर स्वतः सोडायला आला होता. परत जाताना त्याने बॉनेटवर हलकेच थाप मारली आणि बस पकडली.

पाच महिने काही कानावर आलं नाही. मग एका दुपारी भावोजींचा फोन आला. गाडी बंद पडली होती, गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर.

बिट्टी व्हॅन घेऊन निघाली. वाटेत तिच्या डोक्यात एकेक शंका रांग लावत होती. पेट्रोलचा पंप? कॉइल? की आपल्या नजरेतून काही सुटलं? आपण पास केलेली गाडी, तीही घरच्या माणसांची.

पुलाच्या कठड्यावर दोघं शेजारी शेजारी बसले होते. ताई शेंगदाण्याच्या पुडीतून एकेक दाणा काढून भावोजींच्या हातावर ठेवत होती. गाडी कडेला उभी होती, चारी दिवे उघडझाप करत होते.

बिट्टीने स्कॅनर लावला. एकही दोष नाही. मग तिने काट्याकडे पाहिलं. टाकी ठणठणीत कोरडी होती.

"पेट्रोल संपलंय," ती म्हणाली.

"काटा माझ्या लक्षातच आला नाही बघ," भावोजी लगेच म्हणाले. "वेगाच्या नादात."

बिट्टीने व्हॅनमधला पाच लिटरचा डबा आणून ओतला आणि गाडी सुरू करायला दार उघडून आत बसली. बसली म्हणजे बसायला गेली. तिचे गुडघे सरळ स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती आणि होती तेवढी वर उचललेली. भावोजी तिच्याइतकेच उंच. ताई जेमतेम पाच फूट.

तिने काचेतून बाहेर पाहिलं. ताई खाली नदीतलं पाणी मोठ्या अभ्यासूपणे बघत होती. तिचे कान लालबुंद झाले होते.

"वळणावर जरा जोरात घेतली मी," भावोजी म्हणाले आणि उरलेले शेंगदाणे एकदम तोंडात टाकले.

बिट्टीने सीटची कडी ओढली, स्वतःला मागे सरकवलं आणि ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं.